सोमलाचा जमाखर्च



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींच्या हाताखाली रसायनशास्त्राची पहिली अक्षरे गिरवण्याचे भाग्य मला लाभले होते. त्यामुळे आपल्या मंडळाचे निमंत्रणपत्र हाती आले तेव्हा वक्त्याला वाटावा त्या अभिमानापेक्षा विद्यार्थ्याला वाटावी ती धास्तीच माझ्या मनात अधिक होती. शाळेच्या मागल्या अंगाला असलेल्या पत्र्याच्या खोलीत त्यांची प्रयोगशाळा भरत असे आणि तेथे एकच दंडक होता: प्रयोगास आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक पदार्थ तोलून वहीच्या डाव्या पानावर जमेस धरायचा, आणि प्रयोग आटोपल्यावर जे वर निवळले, जे तळाशी बसले, जे गाळणकागदाला चिकटून राहिले, ते सगळे पुन्हा तोलून उजव्या पानावर मांडायचे. दोन्ही पानांचा मेळ बसला नाही तर गुरुजी रागावत नसत. 'राहिलेले कुठे गेले ते शोधून आण,' एवढेच म्हणत, आणि मग आम्ही चंचुपात्राच्या काठावर, काचकांडीच्या टोकाला, क्वचित स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीवरसुद्धा ती हरवलेली चिमूट हुडकीत बसत असू.

त्या वहीला स्मरूनच आज व्याख्यानाबरोबर एक लहानसा प्रयोग मी येथे मांडला आहे. मेजावरच्या या काचेच्या बरणीत एक लिटर पाणी आहे, त्यात चिमूटभर मीठ घातले आहे, आणि बोटभर अंतर राखून लोखंडाच्या दोन पट्ट्या उभ्या केल्या आहेत; स्कूटरच्या बॅटरीच्या तारा त्यांना जोडून मी आता प्रवाह सुरू करतो. दोन्ही पट्ट्या येताना तोलून आणल्या आहेत. बरणीत काय घडते, ते आपण अधूनमधून पाहत राहू.

आजचा विषय पाण्यात विरघळलेल्या विषारी धातूंचा आहे, आणि त्यांना प्रकाशाच्या व विजेच्या साहाय्याने पाण्याबाहेर काढणाऱ्या उपायांचा आहे. शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम अशी ही मंडळी अनेक. परंतु तासाभराच्या अवधीत सर्वांची हजेरी घेण्यापेक्षा एकाचीच नीट चौकशी करावी, या हेतूने मी आर्सेनिक निवडले आहे. काटेकोर भाषेत ते धातू आणि अधातू यांच्या सीमेवरचे मूलद्रव्य, म्हणून त्याला उपधातू म्हणतात; पण पाण्याच्या बंदोबस्तात त्याची गणना धातूंतच होते. आपल्या भाषेला त्याची ओळख जुनी आहे. सोमल म्हणजे आर्सेनिकचाच पांढरा ऑक्साइड. हरताळ आणि मनशीळ ही त्याची गंधकयुक्त खनिजे. पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखनिक त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देत आणि चुकलेले अक्षर दिसेनासे होई. त्यावरून 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आला. लेपाखालचे अक्षर पुसले जात नसे, केवळ झाकले जाई, एवढी गोष्ट या व्याख्यानाच्या ओघात ध्यानात असू द्यावी.

१९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्यापुढे खेड्यापाड्यांतले असे रुग्ण येऊ लागले की ज्यांच्या छातीवर आणि पाठीवर पावसाचे थेंब पडून सुकावेत तसे काळे-पांढरे ठिपके उमटलेले होते, आणि ज्यांच्या तळहातांची व तळपायांची कातडी घट्ट, खरखरीत, कुरुपांनी भरलेली होती. हा दीर्घकाळ पोटात जात राहिलेल्या आर्सेनिकचा परिणाम आहे हे साहांनी ओळखले आणि त्याचा माग काढत ते घरापुढच्या हातपंपापर्यंत पोहोचले. पुढे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांनी गावोगाव हिंडून, पाणी, केस, नखे यांचे असंख्य नमुने तपासून, हे संकट दोन-चार गावांचे नसून गंगेच्या साऱ्या त्रिभुज प्रदेशाचे आहे हे राज्यकर्त्यांना आणि जगाला पटवण्यात आयुष्य वेचले. सीमेपलीकडच्या बांगलादेशात तर व्याप्ती याहून मोठी निघाली. २००० साली ॲलन स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत लिहिताना तिची तुलना भोपाळशी आणि चेर्नोबिलशी केली आणि ही आपत्ती त्या दोहोंपेक्षा मोठी असल्याचा निर्वाळा दिला. साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी माणसे दूषित पाण्याच्या छायेत असल्याचा त्यांचा अंदाज होता.

या प्रकरणातील सर्वांत मोठे दुःख असे, की हे हातपंप लोककल्याणाच्या शुद्ध हेतूने बसवले गेले होते. तळ्यापुष्करिणींचे पाणी पिऊन पटकी आणि हगवण यांनी मुले दगावत, म्हणून १९७० नंतरच्या काळात लोकांना जमिनीखालच्या स्वच्छ पाण्याकडे वळवण्यात आले; सरकार झटले, आंतरराष्ट्रीय संस्था झटल्या, पुढे लोकांनी स्वखर्चाने नळ्या ठोकल्या. पाणी काचेसारखे नितळ, थंड, रोगजंतूंपासून मुक्त होते. त्यात आर्सेनिक आहे का, हे मात्र कोणी तपासले नाही, कारण ते तेथे असेल अशी शंकाच कोणाला आली नाही. पुढे सुमारे ५० लाख पंपांचे पाणी तपासून, पिण्याजोगे असेल तर पंपाच्या तोटीला हिरवा रंग आणि नसेल तर तांबडा, अशी खूण करण्यात आली. तांबड्या तोटीचा पंप अंगणात आणि हिरव्या तोटीचा परक्याच्या वाड्यात, अशी स्थिती ज्या बाईच्या वाट्याला आली असेल, तिने दिवसाकाठी किती हेलपाटे घातले असतील, याचा हिशेब कोणत्याही अहवालात मला आढळला नाही.

हे आर्सेनिक आले कोठून? कोणत्याही कारखान्यातून आलेले नाही. हिमालयाच्या खडकांची झीज होऊन जो गाळ गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनी गेल्या काही सहस्र वर्षांत खाली वाहून आणला, त्याच्या कणाकणावर लोखंडाच्या गंजाचा पातळ मुलामा होता आणि त्या मुलाम्याने आर्सेनिक घट्ट धरून ठेवले होते. जोवर हवा पोहोचत होती तोवर ही पकड कायम राहिली. परंतु गाळाचे थर एकावर एक चढले, मध्ये पालापाचोळा, शेवाळे, दलदलीतील कुजके द्रव्य गाडले गेले, आणि प्राणवायू संपुष्टात आला. तेव्हा त्या अंधारात जगणाऱ्या सूक्ष्मजंतूंनी श्वसनासाठी प्राणवायूच्या जागी तो गंजच वापरायला घेतला. गंज विरघळला, लोखंड पाण्यात उतरले, आणि त्याच्या ताब्यातले आर्सेनिकही मोकळे झाले. वरच्या थरांतील, म्हणजे साधारणपणे १५० मीटरांच्या आतील पाणी अधिक बाधित होते त्याचे कारण हेच, आणि खोल, जुन्या गाळातले पाणी बहुधा निर्दोष निघते त्याचेही कारण हेच. लोखंडाने धरले आणि लोखंडानेच सोडले, हे सूत्र मी मुद्दाम ठळक करतो आहे, कारण उपायाचा धागाही तेथूनच निघतो.

आता उपायाकडे वळू. आपल्या घरात पाणी शुद्ध करण्याच्या दोन पद्धती पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहेत. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची किंवा मडक्याच्या आतल्या बाजूला निवळीचे बी उगाळायचे, ही एक. निवळीचा हा गुण सुश्रुताला ठाऊक होता. पाणी उकळून प्यायचे, ही दुसरी. उकळण्याने जंतू मरतात, पण आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, ते जिवंत नाही, म्हणून त्याला मरणही नाही. उलट उकळताना पाण्याची वाफ होते आणि आर्सेनिक मागे राहते, तेव्हा उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. घरोघरच्या यंत्रांतला अतिनील दिवादेखील याच पंक्तीत बसतो. ज्या २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांनी तो जंतूंच्या जनुकद्रव्यावर आघात करतो, त्यांच्यापुढे विरघळलेले शिसे किंवा कॅडमियम तसेच राहते. आणि ते किरण निर्माण करण्यासाठी त्या नळीत जो भरलेला असतो तो पारा स्वतःच एक विषारी धातू आहे. दिवा आहे म्हणून पाणी सर्व दोषांपासून मुक्त आहे, असा समज करून घेणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांना मला दरवेळी हे समजावून सांगावे लागते, आणि मी ते न कंटाळता सांगतो.

मग प्रकाशाचा धातूंच्या बाबतीत उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो फार सूक्ष्म आहे. भूजलातील आर्सेनिक बहुधा त्रिसंयुजी अवस्थेत असते, आणि या अवस्थेतील त्याच्या रेणूवर नेहमीच्या पाण्यात कोणताही विद्युत्‌भार नसतो. ज्याच्यावर भार नाही, त्याला गंजाचा कण पुरेसा घट्ट पकडू शकत नाही आणि निस्यंदक पटलही पुरते अडवू शकत नाही. कोणत्याही नोंदीत नाव नसलेला इसम चौकीवरून निसटावा तसे ते निसटते. त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतले की ते पंचसंयुजी होते, त्यावर ऋणभार येतो, आणि मग मात्र ते पकडीत सापडते. हे इलेक्ट्रॉन काढून घेण्याचे काम, म्हणजे ऑक्सिडीकरण, प्रकाश करू शकतो.

स्वित्झर्लंडच्या जलसंशोधन संस्थेतील स्टेफान हुग आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली पद्धत मला फार आवडते, कारण तिला लागणारी सामग्री बांगलादेशातल्या कोणत्याही झोपडीत सापडेल. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत पंपाचे पाणी भरायचे, त्यात लिंबाच्या रसाचे काही थेंब पिळायचे, बाटली आडवी करून उन्हात ठेवायची, आणि रात्री ती उभी करून पाणी निवळू द्यायचे. त्या पाण्यात निसर्गतःच लोखंड असते. लिंबातील आम्लाशी त्याचा संयोग होऊन त्यावर ऊन पडले की प्राणवायूची अत्यंत क्रियाशील रूपे क्षणमात्र निर्माण होतात, ती आर्सेनिकचे ऑक्सिडीकरण करतात, आणि लोखंडाचा गंज त्याला घेऊन तळाशी बसतो. ही पद्धत आर्सेनिक पुष्कळ कमी करते, परंतु निःशेष करीत नाही. पाण्यात लोखंड कमी असेल तर ती लंगडी पडते, आणि पावसाळ्यात सूर्य आठवडा आठवडा दर्शन देत नाही तेव्हा थांबते. म्हणून केवळ तिच्यावर कोणी विसंबून राहावे असे मी म्हणणार नाही.

दुसरी वाट अर्धवाहकांची. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टिटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन घडते असे दाखवले, आणि तेव्हापासून आपल्या भिंतींच्या पांढऱ्या रंगात असणाऱ्या या साध्या द्रव्याकडे पाहण्याची जगाची दृष्टी पालटली. टिटॅनियमचे इल्मेनाइट नावाचे खनिज रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडते, हे आपल्यापैकी कोकणवासीयांना ठाऊक असेल. सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा लहान तरंगलांबीचा प्रकाशकण या द्रव्यावर आदळला की त्यातील एक इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि त्याच्या ठिकाणी एक रिकामी जागा राहते. ही रिकामी जागा इतकी भुकेली असते की ती पाण्यापासून, प्राणवायूच्या रूपांपासून, किंवा थेट आर्सेनिकपासून इलेक्ट्रॉन ओढून घेते. आणि उठलेला इलेक्ट्रॉन ज्याला हवा असेल त्याच्या पदरात पडतो. येथे क्रोमियमची आठवण होते. ओडिशातील सुकिंदाच्या क्रोमाइट खाणींच्या परिसरात ज्याच्यामुळे पाणी बाधित होते ते षट्‌संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळते, दूर पसरते आणि कर्करोगाला कारण होते. त्याला इलेक्ट्रॉन मिळाले की ते त्रिसंयुजी होते, त्याचा विषारीपणा पुष्कळ उतरतो आणि ते गाळाच्या रूपाने खाली बसते. आर्सेनिककडून घ्यायचे आणि क्रोमियमला द्यायचे, ही देवघेव एकाच पृष्ठभागावर चालू शकते. हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

परंतु प्रयोगशाळेतील सौंदर्य आणि खेड्यातील उपयोग यांच्यामध्ये मोठे अंतर आहे. या द्रव्याला लागणारा अतिनील प्रकाश सूर्याच्या एकूण तेजात शेकडा चार-पाचच असतो. भुकटीच्या रूपात ते उत्तम काम करते, पण मग ती भुकटी पाण्यातून परत काढावी लागते. काचेवर किंवा पटलावर बसवले तर काढण्याचा प्रश्न मिटतो, पण वेग मंदावतो. आणि बंगालच्या पाण्यातील फॉस्फेट व सिलिका आर्सेनिकची जागा आधीच अडवून बसतात, ती गोष्ट निराळीच. पृष्ठभागाला इतर द्रव्यांची जोड देऊन दृश्य प्रकाशही कामी आणण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत आणि ते चालू राहावेत. तूर्त मात्र गावाची तहान भागवण्याइतकी मजल या वाटेने गेलेली नाही, असे माझे मत आहे.

मंडळी, बरणीकडे पाहा. प्रवाह सुरू झाला तेव्हा पाणी निर्मळ होते; आता एका पट्टीपासून बारीक बुडबुडे उठत आहेत आणि मधल्या पाण्यात हिरवट, ढगासारखे काही साकळू लागले आहे. ज्या विद्युत्‌पद्धतीविषयी मला आता सांगायचे आहे, ती हीच.

धनाग्राची पट्टी झिजते आणि तिच्यातील लोखंड पाण्यात उतरते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्याचे रूपांतर गंजाच्या पुंजक्यांत करतो. या रूपांतराच्या वाटेवर क्षणभर जी क्रियाशील रूपे जन्मतात ती आर्सेनिकचे ऑक्सिडीकरण करतात. आणि पुंजके त्याला कवटाळून हळूहळू खाली बसतात. त्यांना लवकर बसवण्यासाठी वर तुरटी देतात, हे ऐकून आपल्या आजीबाईंना समाधान वाटले असते. भूमीने जे सहस्रावधी वर्षे केले होते तेच येथे घटकाभरात, आणि किती करायचे ते ठरवून, करता येते. ठरवून म्हणण्याचे कारण फॅरेडेचा नियम. १८३३-३४ च्या सुमारास त्याने सिद्ध केले, की किती वीज गेली यावरून किती धातू विरघळला हे अचूक सांगता येते. ९६,४८५ कूलोम विजेने २७.९ ग्रॅम लोखंड उतरते. उदाहरणादाखल लिटरमागे ३०० कूलोम वीज द्यायची असे धरले, तर लिटरमागे ८७ मिलिग्रॅम लोखंड लागते. १०,००० लिटरना ८७० ग्रॅम, म्हणजे एक किलोसुद्धा नाही. विजेचा दाब तीन व्होल्ट धरला, तर पट्ट्यांना लागणारी वीज अवघी अडीच युनिटे भरते, आणि इतकी वीज छपरावरची सूर्यपटलेही देऊ शकतात. अशा रीतीने प्रकाश आणि वीज या दोन वाटा अखेर एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

हे १०,००० लिटर मी कल्पनेने घेतलेले नाहीत. मुंबई विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकून, कानपूरच्या आयआयटीतून पुढे बर्कलेला गेलेले अशोक गाडगीळ यांनी १९९२-९३ मधील पटकीच्या नव्या साथीनंतर जंतुनाशक अतिनील दिव्याचे एक सुटसुटीत आणि स्वस्त यंत्र सिद्ध केले होते. जंतूंचा प्रश्न असा हाताळल्यावर ते आर्सेनिककडे वळले, आणि तेथे दिवा निरुपयोगी असल्यामुळे त्यांनी लोखंड आणि वीज यांची कास धरली. जादवपूर विद्यापीठातील सहकाऱ्यांच्या साथीने दक्षिण २४ परगणा जिल्ह्यातील धपधपी या गावच्या हायस्कुलात त्यांनी दिवसाला १०,००० लिटर पाणी देणारे संयंत्र उभे केले आणि २०१६ पासून तेथील पाणी प्यायला मिळू लागले. मूळ पाण्यात लिटरमागे सुमारे २५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० ची. आणि शुद्ध पाण्यात ते ५ च्याही खाली आले. २०२३ साली गाडगीळांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले, त्याचा मला मराठी माणूस म्हणून आनंद आहे. धपधपीच्या मुलांच्या पेल्यातील त्या पाचच्या आकड्याचा आनंद त्याहून अधिक आहे. अलीकडे याच पद्धतीत ऋणाग्राला हवेतील प्राणवायू पुरवून तेथल्या तेथे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करण्याची युक्ती जोडण्यात आली आहे; तिच्यामुळे तासांचे काम मिनिटांवर येते, आणि कॅलिफोर्नियातील ॲलन्सवर्थ या कृष्णवर्णीयांनी १९०८ साली वसवलेल्या गावात, जेथल्या विहिरींत आर्सेनिक आहे, तिची चाचणीही झाली.

पण धपधपी ज्या बारुईपूर भागात आहे, त्या भागाची एक मागची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच भागात या आधी निरनिराळ्या अकरा उत्पादकांची एकोणीस संयंत्रे मोठ्या खर्चाने बसवण्यात आली होती. चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षे त्यांची तपासणी केली आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: त्यांपैकी एकालाही आर्सेनिक सातत्याने १० मायक्रोग्रॅमांच्या आत ठेवता आले नव्हते. या संयंत्रांचे रसायनशास्त्र चुकीचे होते असे मला म्हणता येणार नाही. शास्त्र बरोबर असूनही चाळण्या वेळेवर धुतल्या गेल्या नाहीत, शोषकद्रव्य संपल्यावर बदलले गेले नाही, पाणी तपासायला कोणी आले नाही, तर यंत्र उभे राहते आणि पाणी तसेच राहते. विजेच्या संयंत्रालाही हा नियम लागू आहे. त्याच्या पट्ट्यांवर गंजाची खपली धरते, मधून मधून धन आणि ऋण यांची अदलाबदल करावी लागते, झिजलेल्या पट्ट्या बदलाव्या लागतात, आणि हे सगळे करणारा एक माणूस लागतो, ज्याला दरमहा पगार मिळतो आणि ज्याच्याकडे दप्तर असते. देणगीदारांना यंत्राच्या कोनशिलेवर नाव घालायला आवडते. त्या माणसाच्या दहा वर्षांच्या पगाराची तरतूद करणारा देणगीदार मला फार क्वचित भेटला आहे. आपल्या शेजारी, गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात कौडीकसा व आसपासच्या गावांत आर्सेनिकची बाधा १९९० नंतरच्या दशकातच नोंदली गेली. तेथे उद्या असे संयंत्र न्यायचे झाले, तर आधी त्या माणसाची नेमणूक व्हावी आणि मग लोखंड खरेदी व्हावे, असा क्रम मी सुचवीन.

आता मी बॅटरीच्या तारा काढतो. चाळीस मिनिटे झाली. हिरवट ढग आता तांबूस झाले आहेत. त्यांना बसायला थोडा अवकाश देऊ, आणि तोवर उजव्या पानाकडे वळू.

धपधपीएवढे संयंत्र वर्षभर रोज चालले, तर २५० मायक्रोग्रॅमांच्या हिशेबाने दिवसाला अडीच ग्रॅम आर्सेनिक पाण्यातून निघते; म्हणजे वर्षाला नऊशे ग्रॅमांच्या थोडे वर. शुद्ध मूलद्रव्याच्या रूपात ते गोळा केले, तर आमटीच्या एका वाटीत मावेल. शेकडो मुलांच्या कातडीवर, यकृतावर, फुफ्फुसावर जे वर्षानुवर्षे पसरणार होते ते एवढेच. पण प्रत्यक्षात ते वाटीत येत नाही, गंजाच्या गाळात मिसळून येते. मघाच्या हिशेबातल्या ८७० ग्रॅम लोखंडाचा गंज वाळवून रोज दीड किलोच्या आसपास भरतो. वर्षाकाठी पाच-साडेपाच क्विंटल, आणि त्याच्या प्रत्येक किलोत दीड-दोन ग्रॅम आर्सेनिक. प्रकाशाने त्याची अवस्था बदलली, विजेने त्याला लोखंडाच्या स्वाधीन केले, त्यापलीकडे या दोहोंची सत्ता चालत नाही. पाण्यातून निघालेले सारे आर्सेनिक या गाळात जसेच्या तसे आहे.

हा गाळ संयंत्रामागच्या डबक्यात लोटला तर काय होईल? डबक्यात पालापाचोळा आहे, शेण आहे, तळाशी प्राणवायू नाही. ज्या सूक्ष्मजंतूंनी गंगेच्या गाळातून आर्सेनिक सोडवले, त्यांचेच भाऊबंद तेथे गंज विरघळवू लागतील, आणि जे त्रिभुज प्रदेशात सहस्रावधी वर्षांत घडले ते शाळेच्या कुंपणापाशी, एखाद्या पावसाळ्यात, पुन्हा घडू लागेल. म्हणून गाळ कोरडा राहिला पाहिजे, हवेत राहिला पाहिजे, आणि अखेर बंदिस्त झाला पाहिजे. सिमेंट-काँक्रीटमध्ये तो मिसळला तर आर्सेनिक जखडले जाते आणि पाझरत नाही, याचे प्रयोग झाले आहेत व ते आशादायक आहेत. पण ते काँक्रीट कोठे वापरले, किती वापरले, याची नोंद कोणत्या तरी सरकारी दप्तरी असली पाहिजे, कारण पन्नास वर्षांनी ती भिंत पाडणाऱ्या गवंड्याला तिच्यात काय आहे हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. कार्बनच्या दोन अग्रांत आयन ओढून घेऊन नंतर विजेची दिशा उलटवून ते थोड्याशा पाण्यात सोडणारी जी धारितातत्त्वावरची पद्धत आहे, तिच्यात लोखंड लागत नाही, गाळही होत नाही. पण विषाने भरलेले ते थोडेसे पाणी मात्र उरतेच. घरच्या यंत्राच्या बारीक नळीतून मोरीत सोडून दिले जाणारे पाणी याच जातीचे आहे. कोणत्याही पद्धतीची जाहिरात वाचताना शुद्ध पाण्याचा आकडा मी नंतर पाहतो. गाळाचे किंवा सांडपाण्याचे काय केले, हे कलम आधी शोधतो, आणि ते बहुधा सापडत नाही.

बरणीतले पुंजके आता बरेच खाली आले आहेत आणि वरच्या बोटभर पाण्यातून पलीकडचा फळा दिसू लागला आहे. या पाण्यात मी आर्सेनिक घातलेले नव्हते. तेव्हा तळाशी आहे तो निव्वळ गंज, आणि त्यापासून कोणास अपाय नाही. शिपाईमामांनी मघाशी विचारले, की बरणी मागच्या मोरीत ओतून धुऊन ठेवू का. त्यांना मी नको म्हटले आहे. रात्रभर गाळ असाच बसू देईन, उद्या सकाळी तो गाळणकागदावर घेऊन, वाळवून तोलीन, आणि दोन्ही पट्ट्या खरवडून पुसून त्याही तोलीन. डाव्या पानावरचा आकडा मी येताना लिहून आणला आहे.